गोंदेश्वराचं शिखर उलटं विणताना



गेल्या हिवाळ्यात मी आमच्या बाईसांसाठी, म्हणजे माझ्या थोरल्या नणंदेसाठी, एक स्वेटर विणायला घेतला. पहाटेच्या प्रार्थनेला त्या अजून चालत स्थानकात जातात, आणि सिन्नरच्या माळावरचं वारं पौषात कसं झोंबतं हे इथल्या बायकांना वेगळं सांगायला नको. स्वेटरवर मी आमच्या गावच्या गोंदेश्वराच्या शिखराची नक्षी घेतली होती. गळा आणि खांदे विणून झाले तेव्हा मोठ्या उत्साहाने त्यांना दाखवायला नेला. त्यांनी विणीवरून हात फिरवला, "सुरेख झालाय" म्हणाल्या. नक्षी कुठली हे मी सांगितलं, तसा त्यांनी तो घडी घालून हलकेच माझ्या मांडीवर परत ठेवला.

"भाभी, शंकराच्या देवळाचं शिखर अंगावर घालून मी सामायिकाला बसू?"

त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं की हे चालतं की नाही. आणि खरं सांगायचं तर मलाही कळत नव्हतं. आपण स्थानकवासी. मूर्ती नाही, मंदिर नाही, शिखर नाही. मग जे आपण स्थानकावरही बांधत नाही ते अंगावर का घालावं? मी काही उत्तर दिलं नाही. सुया बाजूला ठेवल्या आणि पुस्तकं काढली. त्या शोधात जे हाती लागलं ते आज लिहिते आहे. आधी देवळाची आणि नक्षीची गोष्ट, मग बाईसांच्या प्रश्नाची.

नाशिक-पुणे रस्त्याने जाणाऱ्यांना सिन्नर म्हणजे बिड्यांचं आणि आता कारखान्यांचं गाव वाटतं. पण हजार वर्षांपूर्वी ही यादवांची राजधानी होती. देवगिरीचे यादव म्हणून आपण शाळेत जे शिकलो, ते देवगिरीला गेले फार उशिरा, पाचवा भिल्लम राजा झाल्यावर, बाराव्या शतकाच्या शेवटी. त्याआधी तीनशे वर्षं त्यांचा कारभार इकडेच, नाशिक-सिन्नर-चांदवडच्या टापूत होता. त्यांचा मूळ पुरुष दृढप्रहार, त्याचा मुलगा सेउणचंद्र. या सेउणचंद्राने सेउणपूर वसवलं आणि त्याच्या नावावरून सगळ्या मुलखाला सेउणदेश म्हणू लागले. सेउणपूर म्हणजेच सिन्नर असं बहुतेक अभ्यासक मानतात. जुन्या ताम्रपटांत येणारं सिंदिनगर हे नावही सिन्नरचंच धरलं जातं.

त्या काळातलं देऊळ म्हणजे गोंदेश्वर. अकराव्या-बाराव्या शतकातलं. मधे मोठं शिवमंदिर, चार कोपऱ्यांना सूर्य, विष्णू, पार्वती आणि गणपती यांची लहान देवळं, समोर नंदीचा मंडप, आणि हे सगळं एका उंच दगडी चौथऱ्यावर. यादव घराण्यातल्या राव गोविंद याने ते दोन लाख रुपये खर्चून बांधलं असं गावात परंपरेने सांगतात.

या देवळाला आपण सगळेच 'हेमाडपंती' म्हणतो. मीही साठ वर्षं म्हणत आले. पण हेमाद्री पंडित हा महादेव आणि रामचंद्र या यादव राजांचा मंत्री. महादेव गादीवर आला १२६१ साली. म्हणजे हेमाद्रीचा काळ तेराव्या शतकाचा उत्तरार्ध. गोंदेश्वर तर त्याच्या आधी शंभर वर्षांहून जास्त उभं होतं. चुन्याशिवाय दगडावर दगड बसवून बांधलेलं प्रत्येक जुनं देऊळ लोकांनी हेमाडपंतांच्या खात्यावर जमा केलं. कॉमर्सच्या भाषेत सांगायचं तर ही चुकीच्या खात्यातली नोंद. ज्या हातांनी दगड घडवले त्यांची नावं मात्र कुठल्याच खात्यात नाहीत.

आता शिखराकडे पाहू. या शैलीला 'भूमिज' म्हणतात. भूमी म्हणजे मजला. शिखराच्या चार दिशांना चार उभे पट्टे खालून वरपर्यंत जातात, त्यांना लता म्हणतात. त्यांच्यावर बारीक जाळीसारखी नक्षी असते. दोन लतांच्या मधल्या जागेत लहान लहान शिखरं ओळीने मांडलेली असतात. प्रत्येक ओळ म्हणजे एक मजला. खालच्या ओळीतली शिखरिका सगळ्यात मोठी, तिच्यावरची जरा लहान, तिच्यावरची त्याहून लहान, असं करत सगळ्यात वर आवळ्याच्या फोडींसारख्या पाकळ्यांचा आमलक आणि कलश. अंबरनाथचं शिवमंदिर या शैलीतलं, त्याच्या शिलालेखावर साल आहे शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. माळव्यात तर अशी देवळं कितीतरी.

मला यात पहिल्यापासून विणकाम दिसत आलं. मूर्तींपेक्षा माझी नजर त्या ओळींवर जायची. एकच आकार, ओळीमागून ओळ, फक्त माप बदलतं. स्वेटरची नक्षी दुसरं काय असते?

विणकाम आपल्याकडे मात्र इतकं जुनं नाही. थंडीसाठी आपल्या मुलखात घोंगडी होती, कांबळं होतं, गोधडी होती. पण ते सगळं मागावरचं किंवा सुई-दोऱ्याचं काम. दोन सुयांवर टाके घालून विणण्याची कला इंग्रजांच्या काळात, मिशनऱ्यांच्या शाळांतून आणि मडमांच्या हातून आपल्याकडे रुजली. मग ती मुलींच्या शाळांत शिरली. १९६२ च्या युद्धात जवानांसाठी स्वेटर विणल्याच्या आठवणी माझी आई सांगायची. आम्ही शाळेत मफलर विणायला शिकलो, आणि लग्नानंतर पहिल्या बाळंतपणात टोपरी-मोजे. आपल्या घरांत एक सोय आणखी होती. चौविहार असल्याने सूर्यास्ताआधी जेवणं उरकायची. प्रतिक्रमण झालं की हिवाळ्याची लांब संध्याकाळ मोकळी. माझं निम्मं विणकाम त्या वेळातलं.

जगात मात्र ही कला गोंदेश्वराच्याच वयाची आहे. सुयांवर विणलेले सगळ्यात जुने कपडे जे आज संग्रहालयांत आहेत ते इजिप्तमधले सुती मोजे, निळ्या-पांढऱ्या नक्षीचे, अकराव्या ते चौदाव्या शतकातले. त्याच इजिप्तमध्ये, जुन्या कैरोजवळच्या फुस्तात गावी, गुजरातेत छापलेल्या सुती कापडाचे तुकडेही सापडले आहेत. आपल्या किनाऱ्यावरून कापड तिकडे जात होतं. सुया इकडे यायला मात्र सातशे-आठशे वर्षं लागली!

आता माझा घोळ सांगते. पहिल्यांदा मी देवळासारखाच खालून विणायला घेतला. खाली मोठ्या शिखरिका, वर लहान होत जाणाऱ्या. नऊ इंच विणल्यावर अंगाला लावून पाहिलं तर कमरेला घेर आणि छातीला घट्ट. देऊळ वर निमुळतं होतं, माणूस खांद्याला रुंद असतो, एवढी साधी गोष्ट नक्षीच्या नादात सुचली नव्हती. सगळं उसवलं. दोन दिवस चिडचिड केली. तिसऱ्या दिवशी दुपारी गुंडा गुंडाळत असताना लक्षात आलं की देऊळ वरून खाली विणायचं!

गोल सुईवर गळ्यापासून खाली विणायची एक रीत आहे. गळा हा कलश. तिथून चार उभ्या रेघा खाली येतात, दोन पुढच्या बाजूला आणि दोन मागच्या, आणि त्या रेघांच्या दोन्ही बाजूंना टाके वाढवत जायचे. मधे चार भाग पडतात: पुढा, पाठ आणि दोन बाह्या. चार लता आणि चार भाग, म्हणजे वरून पाहिलेलं भूमिज शिखरच की हे! देवळाच्या लता चार दिशांना असतात, माझ्या चार कोपऱ्यांना आल्या, म्हणजे देऊळ थोडं फिरवून बसवलं एवढंच. आणि बाह्यांचे भाग पुढच्या-मागच्यापेक्षा अरुंद झाले. तेवढी तडजोड अंगासाठी करावीच लागते.

ज्यांना करून पाहायचं असेल त्यांच्यासाठी हिशेब देते. दहा सेंटिमीटरला २२ टाके आणि ३० ओळी अशी माझी वीण. गळ्याला ९६ टाके घातले: चार लतांचे प्रत्येकी ४, पुढचे ३०, मागचे ३०, बाह्यांचे प्रत्येकी १०. लतांवर एक सुलट, एक उलट अशी दाणेदार वीण, पुढच्या ओळीत सुलटवर उलट. दर दुसऱ्या ओळीला ८ टाके वाढवायचे, प्रत्येक लतेच्या दोन्ही बाजूंना एकेक. असं ६४ ओळी. शेवटी सुईवर ३५२ टाके येतात.

या ६४ ओळींत पाच मजले बसवले. पहिला ८ ओळींचा, मग १०, १२, १४ आणि १६. मजल्यांच्या मधे एकेक उलटी ओळ, म्हणजे दगडी पट्टी. पुढच्या भागात प्रत्येक मजल्यावर पाच शिखरिका. जमीन उलट टाक्यांची, शिखरिका सुलट टाक्यांच्या, म्हणजे त्या उठून दिसतात. गळ्याजवळची शिखरिका सहा टाक्यांची, खालच्या मजल्यावरची पंधरा टाक्यांची. उरलेले टाके उलट जमिनीत जिरवायचे. वरून विणत असल्याने शिखरिकेचं टोक आधी येतं आणि पाया नंतर, तेवढं भान ठेवा. पुढे बाह्यांचे टाके दोऱ्यावर काढून ठेवले, दोन्ही काखांत बारा-बारा टाके नवे घातले, आणि अंगाला बरोबर २२० टाके राहिले. म्हणजे शंभर सेंटिमीटरचा घेर. नुसत्या खांद्याच्या भागात १४,३३६ टाके होतात. मी कॉमर्सची, बेरीज केल्याशिवाय राहवत नाही.

धागा ॲक्रिलिकचा घेतला, पाषाणासारख्या काळसर राखाडी रंगाचा. लोकर आपल्याला वर्ज्य नाही, साधू-साध्वींचा ओघासुद्धा लोकरीचा असतो. पण परदेशात काही ठिकाणी मेंढ्यांची कातडी कापतात असं वाचल्यापासून विकतच्या लोकरीला माझा हात धजत नाही. हा माझा विचार, तुमचा तुम्ही करा. गुंड्याच्या वेष्टनावर 'वर्धमान' छापलेलं होतं. भगवंतांचं नाव म्हणून बाईसा ती वेष्टनं केरात टाकू देत नाहीत. बघा, नावाची आशातना होऊ नये म्हणून जी बाई एवढी जपते, तिचा शिखराचा प्रश्न हसण्यावारी कसा न्यावा?

तर आता तो प्रश्न.

पहिलं उत्तर मला अंजनेरीत सापडलं. नाशिकहून त्र्यंबकला जाताना डोंगराच्या पायथ्याशी जुन्या जैन मंदिरांचे अवशेष आहेत. त्यातल्या एका शिलालेखात शके १०६३ हे साल आहे, म्हणजे इसवी सन ११४१-४२. राजा यादवांचाच, सेउणदेव. आणि लेखात काय आहे? आठवे तीर्थंकर भगवान चंद्रप्रभ यांच्या मंदिराला दुकानं दान दिल्याची नोंद. मला हे वाचून फार मजा वाटली. सोन्याचा कळस नाही, हत्ती-घोडे नाहीत, दुकानं! दुकानाचं उत्पन्न दरवर्षी येत राहतं, मुद्दल हलत नाही, पूजा चालू राहते. हे दान ठरवताना एखादा मुरलेला व्यापारी जवळ असणारच. ज्या घराण्याच्या राजधानीत शिवाचं गोंदेश्वर उभं राहिलं, त्याच घराण्याच्या राज्यात जैन मंदिराच्या नावावर बाजारातली दुकानं चढली. चांदवडच्या डोंगरातही भगवान चंद्रप्रभांचं लेणं आहे, आणि वेरूळला कैलासापासून थोड्याच अंतरावर आपली लेणी आहेत.

हे मी बाईसांना सांगितलं. त्या म्हणाल्या, "शेजार होता हे कबूल. म्हणून शेजाऱ्याच्या घरचं शिखर आपलं होतं का?"

मग मी दुसरं उत्तर शोधलं. छत्तीसगडमध्ये रायपूरजवळ आरंग नावाचं गाव आहे. तिथे भांड देऊळ म्हणून अकराव्या शतकाच्या सुमाराचं एक मंदिर आहे. त्याचं शिखर भूमिज आहे, गोंदेश्वरासारखंच मजल्यामजल्यांवर शिखरिकांच्या ओळी असलेलं. आणि गाभाऱ्यात उभ्या आहेत तीन तीर्थंकर. म्हणजे हे शिखर शंकराचं नाही आणि आपलंही नाही. ते शिल्पींचं आहे. ज्याने काम दिलं त्याच्या देवासाठी त्यांनी ते बांधलं.

बाईसांनी हेही शांतपणे ऐकलं. "ते मंदिरमार्गींचं झालं," त्या म्हणाल्या. "आपलं काय?"

खरंच होतं त्यांचं. मी इतिहासात दाखले शोधत होते, आणि त्या आचरणाचं विचारत होत्या. तेव्हा मी स्वेटर त्यांच्या पुढ्यात पसरला आणि म्हटलं, "बाईसा, यात देव कुठे आहे ते दाखवा." मूर्ती मी मुद्दामच घेतली नव्हती. देवळावर देवदेवता कोरलेल्या आहेत, हत्तीही आहेत, पण कपडा मळतो, धुतला जातो, अंगाखाली येतो. कुणाच्याही श्रद्धेची मूर्ती त्यावर काढणं मला पटत नाही. माझ्या श्रद्धेची असो वा दुसऱ्याची, अवमान तो अवमानच. मी घेतली ती फक्त मोजणी. सहा, सात, दहा, बारा, पंधरा. त्यांनी चष्मा लावला आणि बोटाने एकेक ओळ मोजायला लागल्या. आमच्या बाईसा लहानपणापासून नवकारवाळीचे मणी मोजत आल्या आहेत, मोजायला लागल्या की अर्धवट सोडत नाहीत.

आणि त्यांनी चूक पकडली! उजव्या खांद्याजवळ, तिसऱ्या मजल्यावरची एक शिखरिका दहाऐवजी नऊ टाक्यांची होती. मला महिनाभर दिसली नव्हती.

इथे मला एक दूरची गोष्ट आठवली. आयर्लंडजवळच्या ॲरन बेटांवरचे जाड नक्षीचे स्वेटर जगप्रसिद्ध आहेत. असं सांगतात की तिथे प्रत्येक घराण्याची वीण वेगळी, म्हणजे समुद्रात बुडालेल्या माणसाची ओळख स्वेटरवरून पटावी. ऐकायला छान, पण इतिहास तसा नाही. ते स्वेटर विसाव्या शतकाच्या सुरुवातीचे, आणि ही घराण्यांची कथा मागून चिकटलेली, आपल्या हेमाडपंतासारखी. तिचं मूळ बहुधा सिंग नावाच्या नाटककाराच्या १९०४ सालच्या एका नाटकात आहे. त्यात बुडालेल्या भावाचा मोजा बहीण ओळखते, पण घराण्याच्या नक्षीवरून ओळखत नाही. तो मोजा तिनेच विणलेला असतो, किती टाके घातले आणि कुठे निसटले हे तिला आठवत असतं. त्यावरून तिला कळतं.

गोंदेश्वराच्या शिल्पींनाही आपापली शिखरिका अशीच ओळखू आली असेल. एखाद्याची जरा बारीक उतरली असेल, एखाद्याच्या छिन्नीचा घाव थोडा खोल गेला असेल. देऊळ राव गोविंदाच्या नावावर राहिलं, शैली हेमाद्रीच्या नावावर गेली, आणि आपल्या हातचं कुठलं हे फक्त त्यांनाच माहीत असणार. हे मी बाईसांना सांगितलं तेव्हा त्या थोडा वेळ गप्प बसल्या.

"उसवू का तेवढं?" मी विचारलं. वरून खाली विणलेलं असल्याने तो एक टाका दुरुस्त करायचा तर तिथपर्यंत सगळं उसवावं लागलं असतं.

"नको," त्या म्हणाल्या. "राहू दे."

स्वेटर मकर संक्रांतीच्या आधी पुरा झाला. बाईसा तो घालून पहाटे प्रार्थनेला जातात. सामायिकाला बसताना मात्र काढून ठेवतात आणि पांढरी शाल घेतात. मला आधी थोडं लागलं. मग वाटलं, बरोबर आहे. ४८ मिनिटं मन समतेत ठेवायचं तर अंगावर मोजण्यासारखं काही नसलेलंच बरं. निदान त्यांच्यासारख्या मोजणाऱ्या बाईने तरी!

सिन्नरला आलात तर गोंदेश्वर पाहायला जरूर जा. संध्याकाळचं तिरपं ऊन शिखरावर पडतं तेव्हा प्रत्येक शिखरिका वेगळी दिसते. दर्शन घ्यायचं की नाही ते तुमच्या श्रद्धेवर. खालच्या मजल्यापासून वरपर्यंत सावकाश मोजा मात्र.

लिहिताना काही अधिक-उणं झालं असेल, कुणाच्या श्रद्धेला ठेच लागली असेल, तर मिच्छा मि दुक्कडं.